आधीचा आजार

जाळीपलीकडे कोलू एका जागी उभा राहीना. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, की पुन्हा जाळीशी. त्याच्यामागोमाग सोनीबाईची मान फिरत होती. नवऱ्याला भेटायला ती भामरागडच्या पलीकडून दोन दिवस प्रवास करून आली होती. मुलाकात वीस मिनिटांची, त्यातली पाच अशीच गेली.

तिनं गोंडीत तोंड उघडलं, तसा मागे उभा असलेला शिपाई धनराज म्हणाला, "मराठीत बोला बाई. मले समजलं पायजे." आवाजात राग नव्हता, नियम होता. मग नवरा-बायको घरातलं बोलणं परक्या भाषेत, शब्द हुडकत बोलू लागली. मोहफुलं वेचून झाली, असं तिनं सांगितलं. धाकटी चालायला लागली, हेही सांगितलं. वाक्य पुरं व्हायच्या आतच कोलू मान हलवत होता.

तो वाळलेला असणार, हे ती धरूनच आली होती. पण तो अंगठ्याच्या नखानं बाकीच्या बोटांची कातडी सोलत होता आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे जात होती. ही नजर तिच्या ओळखीची होती. तीन पावसाळ्यांमागे त्याचा थोरला भाऊ लच्छू पर्लकोटा नदीच्या पुरात वाहून गेला, तेव्हा कोलू दीड महिना नदीकाठी बसून राहिला होता. ना झोप, ना जेवण. लच्छू पाण्यातून हाक मारतो, हे त्यानं तेव्हा फक्त सोनीबाईला सांगितलं होतं. गावच्या पुजाऱ्यानं कोंबडं दिलं, उतारा केला, काही झालं नाही. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी माणूस ताळ्यावर आला, नांगराला हात लावू लागला. गेल्या पावसाळ्यात गोळ्या संपल्या, रस्ता पाण्याखाली होता, आणि त्याच दिवसांत त्यानं वनखात्याच्या नाक्यावरची रिकामी झोपडी पेटवून दिली. तुरुंगात घेताना विचारलं होतं, आधीचा काही आजार? भेदरलेला कोलू नाही म्हणाला. तेच लिहिलं गेलं.

आज तिनं गोळ्या बरोबर आणल्या होत्या. फाटकावरच्या पोलिसानं त्या काढून ठेवल्या. बाहेरची गोळी आत चालत नाही. दवाखान्याचा कागद असेल तर बाजूच्या खोलीत नर्सबाईला दाखवा, त्या नोंद करतील, मग त्याला आतूनच गोळ्या मिळतील, असं त्यानं समजावलं होतं.

"कागद आणला म्या," ती हळूच म्हणाली.

कोलू जाळीला येऊन चिकटला. "फाडून टाक."

"काऊन?"

"येडा म्हणून लिवतीन मले. मंग तारीखच नाई."

त्यानं वहाबचं सांगितलं. वहाब त्याच्याच बराकीतला, शहरातला सायकलवाला. त्याला नागपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं, आणि माणूस बरा होईपर्यंत कोर्टानं खटला थांबवला. वहाब बरा होऊन परत आला, पण थांबलेला खटला हलेचना. सहावं वर्ष चालू होतं. त्याच्याबरोबर त्याच गुन्ह्यात आलेले शिक्षा भोगून घरी गेले. कोलूची तारीख अकरा दिवसांवर होती. जामीन होईल, असं वकील म्हणाला होता.

"अकरा दिवस काढतो मी," तो म्हणाला. "तू नोको बोलू कोनाले."

सोनीबाईनं मनाशी हिशेब मांडला. आठ महिने निघाले, तिथे अकरा दिवस काय. तो घरी आला की आपल्या हातानं गोळी देऊ. तिनं कागद असलेली पिशवी कमरेला आणखी आत खोचली आणि मान डोलावली.

कोलू पुन्हा तिच्या मागे बघू लागला.

"लच्छूले बाहेर काऊन उभा ठेवला?" त्यानं विचारलं. "उनात हाय तो."

धनराजनंसुद्धा दाराकडे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

सोनीबाई वळली नाही. ती म्हणाली, "झाडाखाली बसला हाय. सावलीत."

कोलूचे खांदे खाली आले. तो हसला, अगदी लग्नातल्यासारखा. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा, लच्छू आत कसा येत नाही, एवढंच पुटपुटत तो धनराजनं दाखवलेल्या दिशेनं गेला.

बाजूच्या खोलीत तबस्सुम नर्स रुग्णांचं रजिस्टर भरत होती. सोनीबाईनं पिशवीतून काढून दिलेला कागद तिनं दोनदा वाचला. मग खुर्ची पुढे सरकवून तिनं सोनीबाईला सगळं नीट सांगितलं. डॉक्टर उद्या येतील, बघतील, गोळ्या लगेच सुरू होतील. पण डॉक्टरांचं पत्र कोर्टातही जाईल. तारीख पुढे जाईल का? जाऊ शकते. किती पुढे, ते तिच्या हातात नव्हतं.

"एकदा लिवलं ना बाई, मंग मले बी खोडता येत नाई," ती म्हणाली. "पायजे तर बाहेर बसा थोडं. विचार करा."

सोनीबाई बाहेर गेली नाही. खुर्चीवर बसलीही नाही. पदराचं टोक मुठीत आवळत, सोडत ती तशीच उभी राहिली. अकरा दिवस. भिंतीपलीकडे कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं.

"लिवा," ती म्हणाली.

तबस्सुमनं कोरं पान काढलं. नाव, वय, गाव. गोळ्या कधीपासून, कधी सुटल्या. सोनीबाई एकेक सांगत गेली.

"त्याले मेलेल्या भावाचा आवाज येते," लिहिता लिहिता तबस्सुमनं विचारलं, "हे तुमाले दिसलं, का त्यानं सांगतलं?"

"सांगतलं," सोनीबाई म्हणाली. मग कागदावर चालणाऱ्या पेनाकडे बघत राहिली. "मले एकटीलेच सांगतलं होतं."