सातव्या होलची वाळू

गोल्फच्या मैदानावर अठरा होल, आणि त्यातल्या सातव्याचा वाळूचा खड्डा मुक्ताबाईकडे होता. खेळणारे पुढं गेले की दंताळं ओढत मागं मागं सरायचं आणि स्वतःच्याही पावलांचे ठसे पुसत बाहेर यायचं, एवढंच काम. ते तिला शिकवावं लागलं नाही. भाताच्या आवणीत रोपं लावत, वाकून मागं सरण्यातच तिची हयात गेली होती. फक्त तेव्हा समोर हिरवं होत जायचं.

"मावशी, काम एक नंबर," सुपरवायझर प्रदीप म्हणाला. "पण काठाजवळ रोज एक ठसा राहतोच. तोही चांगला खोल."

"उद्या ध्यान ठेवते."

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम बघत उभा राहिला. मुक्ताबाई काठाजवळ आली, आणि तिचा मागचा पाय एकदम गुडघ्याइतका उंच उचलला गेला. खाली काही न लागल्यानं तो धपकन वाळूत रुतला.

"अहो मावशी, तिथं चढायला काय आहे?"

मुक्ताबाई त्या ठशाकडे बघत राहिली.

"हितं आमच्या खाचराचा बांध व्हता," ती म्हणाली. "पायाला कुणी सांगितलंच न्हाई."