आज भांडायचं नाही

दार धाडकन आपटलं तेव्हा तिच्या हातात कचऱ्याचा डबा होता. किल्ली आत, फोन आत. आत गॅसवर कढईत तेल तापत ठेवलेलं आणि आत छकुली. अडीच वर्षांची. नुकतीच स्टूल ओढत नेऊन ओट्यापर्यंत पोचायला शिकलेली.

तिनं दारावर खांदा मारला. दार ढिम्म हललं नाही. "छकुली, इकडे ये बाळा! दारापाशी ये!"

उत्तर आलं ते फरशीवर स्टूल ओढल्याचं.

काकू गेल्यापासून शेजारी एकट्याच राहणाऱ्या काकांची बाल्कनी तिच्या बाल्कनीला लागूनच होती. मध्ये नुसता एक पत्रा, तोही तिच्याशी झालेल्या एका भांडणानंतर काकांनी ठोकलेला. तिनं त्यांच्या बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही.

"काका, दार उघडा! पाया पडते तुमच्या!"

"आज भांडायचं नाही मला," टीव्हीच्या आवाजावरून काका ओरडले. "डोकं दुखतंय. उद्या या."

"भांडायला नाही हो आले! छकुली आत अडकलीय, गॅस चालू आहे!"

"मागच्या वेळी पाणी गळतंय म्हणून दार उघडायला लावलंत. आणि मग त्या चपलांच्या रॅकवरून तासभर माझं डोकं खाल्लंत." टीव्ही आणखी मोठा झाला.

खोटं नव्हतं ते. ती जिन्याकडे धावली. "कुणीतरी या हो! वाचवा!" वरच्या मजल्यावर एक दार उघडलं. "झाली बाई यांची सुरुवात," कुणीतरी म्हणालं, आणि दार लागलं. रोज बोंबलणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार! आज खरी गरज होती, तर गळ्यातून आवाज निघाला तोच, रोजचा.

दाराच्या फटीतून जळक्या तेलाचा वास यायला लागला.

पाया पडून हे दार उघडणार नव्हतं. ते कशानं उघडेल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं काकांच्या दाराला तोंड लावलं.

"काकू आजारानं नाही गेल्या! तुमच्या जाचाला कंटाळून गेल्या! ऐकलंत का? कंटाळून!"

टीव्ही बंद झाला. दार उघडलं. काकांचा हात उगारलेला होता. त्या हाताखालून ती आत घुसली, थेट बाल्कनीत गेली आणि नखांनी पत्रा ओरबाडू लागली. "छकुली... तेल..." एवढंच तिच्या तोंडून फुटत होतं.

काकांना वास आला. त्यांनी तिला बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी पत्रा धरून ओढला. धारेनं तळवा फाटला, तरी सोडला नाही. एका बाजूचे खिळे निघाले तशी ती त्या फटीतून आत शिरली.

कढईतून काळा धूर निघत होता. छकुली स्टुलावर उभी, हातात झारा, कढईवर वाकलेली. तिनं पोरीला खस्सकन ओढून उचललं. मागून आलेल्या काकांनी गॅस बंद केला. ती तशीच फरशीवर बसली आणि पोरीला छातीशी धरून मोठ्यानं रडली. पोरगी बावरून झारा शोधत होती.

काकांनीच आतून लॅच काढून तिचं दार उघडलं. वर जिन्यात कुणीतरी म्हणालं, "आज लवकर आटोपलं वाटतं."

काका गेले मात्र नाहीत. रक्ताळलेली मूठ आवळून दारातच उभे राहिले.

"काका, मी ते... तुम्ही दार उघडावं म्हणून..."

"कळलं मला. बरं केलंत." त्यांनी तळवा सदऱ्याला पुसला. "पण तुमचं दोघींचं बरंच बोलणं व्हायचं, म्हणून विचारतो. ती खरंच कधी तसं काही म्हणाली होती का?"