एकच हीटर

"खोली केवढी आहे, काकू?" हीटर दाखवत दुकानदाराने विचारलं.

"दहा बाय दहा," सासूबाई म्हणाल्या.

"बारा बाय पंधरा," वृंदा त्याच वेळी म्हणाली.

दोघी चपापल्या. लहान खोली वृंदाची होती, मोठी सासूबाईंची. गेल्या पावसाळ्यात शिरीष गेला, तेव्हापासून घरात त्याची आई आणि बायको एवढ्या दोघीच. बोलणं जेवायला हाक मारण्यापुरतं. जिथे तो झोपायचा त्या लहान खोलीत सासूबाईंनी पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं.

"दोन खोल्यांत दोन हीटर लावलेत तर बिल झेपणार नाही," दुकानदार म्हणाला. "हा तेलाचा एकच घ्या. लहान खोली लवकर तापते. दार लावून दोघी तिथेच झोपा."

सासूबाई थंडगार हीटरवरून हात फिरवत राहिल्या. "एकच द्या," त्या शेवटी म्हणाल्या.

जेवणं आटोपल्यावर त्या उशी काखेत धरून लहान खोलीच्या उंबऱ्याशी थांबल्या. वृंदाने पलंगावरची शिरीषच्या बाजूची चादर सारखी केली.

"आत या, आई. दार लावून घ्या," ती म्हणाली. "ऊब बाहेर चाललीय."