तीन खुंट्या

चुडामणनं कडी वाजवली आणि लगेच हात मागं घेतला. आत कुणी नसलं तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दार कमलबाईनं उघडलं. क्षणभर ती बघतच राहिली.

"चुडामणभाऊ? या ना, बसा. अहो, गावाकडचे चुडामणभाऊ आलेत!"

आतून नुसता तांब्या ठेवल्याचा आवाज आला.

जळगावात डाळमिलच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. कमलबाईचा नवरा पुना त्याच मिलमध्ये पोती उचलायचा. एके काळी ज्याच्या बागेतली लिंबं एरंडोलच्या बाजारात हातोहात खपायची, तो पुना. चुडामणनं खोलीभर नजर फिरवली आणि मान खाली घातली.

नांदरखेड्यात दोघांची वावरं एका बांधाला लागून होती. पंच्याऐंशी साली धुळ्याहून जळगावला जाणारा हायवे गावाच्या पोटातून काढून बाहेरून न्यायचं ठरलं. मोजणीवाले आले तेव्हा चुडामण दोन दिवस सासरवाडीला, पहूरला गेला होता. परत आला आणि दुपारी वावरात गेला, तर लाल डोक्याच्या तीन खुंट्या त्याच्या उभ्या कपाशीत ठोकलेल्या. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्यानं तिन्ही उपटल्या, बांध ओलांडून चाळीस पावलं आत गेला आणि पुनाच्या लिंबांमध्ये दगडानं ठोकून बसवल्या. उपटल्या जागची माती पायानं सारखी केली.

रस्ता वाकडा होईल, साहेबाच्या ध्यानात येईल, आपल्याला हातकड्या पडतील, या धसक्यानं चार दिवस त्याच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. पण साहेबानं दुर्बिणीला डोळा लावला, मान हलवली आणि पुढं निघून गेला. रस्ता सुतासारखा सरळ झाला. पुनाची लिंबं गेली, विहीर बुजली.

गावानं रस्त्याविरुद्ध धुळ्याच्या कचेरीत अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा लोक अंगठा घ्यायला पुनाकडंही गेले. पुनानं दिला नाही. "जाऊ द्या, सरकारचं काम शे," एवढंच म्हणाला. पुढं वर्षभरात त्यानं गाव सोडलं. जाताना सगळ्या गावाच्या घरी जाऊन आला, फक्त चुडामणच्या उंबऱ्याला त्याचे पाय लागले नाहीत.

पुनाला कळलंय, हे चुडामणनं त्या दिवशीच ओळखलं.

तेव्हापासून एस.टी. त्या जागेवर आली की तो खाली वाकून उगाच चपलेचा अंगठा नीट करत बसे. बायको सुनंदाबाई एकदा म्हणाली, "इतक्यांदा तुटते तर नवी का घेत नाही?"

अशी नऊ वर्षं गेली. मग रस्ता रुंद करायला पुन्हा मोजणीवाले आले. या वेळीही खुंट्या चुडामणच्या वावरात पडल्या. तो दिवसभर त्यांच्यापाशी बसून राहिला. हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावची गाडी धरली. एरंडोल गेलं, पाळधी गेली, गिरणेचा पूल आला. उतरून परत फिरावं असं त्याला तीनदा वाटलं.

पुना बाहेर आला. डोकं पार पांढरं झालेलं. त्यानं चुडामणच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

"कसा शे भाऊ?" पुनानं विचारलं.

"बरा शे."

कमलबाई चहा टाकता टाकता म्हणाली, "तुम्ही आलात ते चांगलं झालं बघा. नाहीतर यांच्यापुढं गावाचं नाव काढायची सोय नाही. उठून बाहेर जातात. तुमचं नाव निघालं तर दोन दोन दिवस बोलत नाहीत."

चुडामणचा चेहरा उतरला. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"वहिनी, तुम्ही पण ऐका," तो म्हणाला. "पुना, तुन्ही बाग सरकारनी नही लिधी. मी लिधी. खुंट्या मन्हा वावरमा व्हत्यात. मी उपटीसन तुन्हा बागमा ठोक्यात."

कमलबाईच्या हातातला चहाचा डबा तसाच राहिला.

"काय म्हणालात?" तिचा आवाज चिरकला. "माझी पोरं शाळा सोडून कारखान्यात गेली. हा माणूस या वयात पाठीवर पोती वाहतो. आणि तुम्ही शेजारी म्हणून माझ्या हातचं जेवत होतात?"

"जेवत व्हतो," चुडामण म्हणाला.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुनाच्या पायांशी ठेवली. पुना विस्तवावर पाय पडल्यासारखा मागं सरकला.

"कोणता दिवस व्हता?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"सोमवार. मी पहूरहून उनू तोच दिवस."

"टाईम?"

"दुपारले. बारा-एक वाजेल व्हतीन."

"तीन खुंट्या?"

"तीन."

पुना भिंतीला धरून हळूहळू खाली बसला. टोपी उचलून त्यानं मांडीवर घेतली, तिच्यावरची धूळ झटकली. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं चुडामणच्या डोळ्यांत पाहिलं.

"त्याच सोमवारनी सकाळे त्या खुंट्या मीच हलवेल व्हत्यात, भाऊ. मन्हा बागमाईन तुन्हा वावरमा."