फ्रीजमधली बाटली

प्रदूषण खात्याचे सरकारी वकील म्हणून अठरा वर्षं त्यांनी कारखानदारांना सळो की पळो करून सोडलं होतं. आता वकीलसाहेब त्याच कारखानदारांच्या बाजूने उभे राहत. आज साक्षीला त्यांच्याच खात्यातला जुना तपासनीस होता. कारखान्याखालच्या नदीचं पाणी बारा वर्षांपूर्वी त्यानेच बाटलीत भरून तपासायला दिलं होतं.

“पाणी शनिवारी भरलंत, प्रयोगशाळेत दिलंत सोमवारी. मधले दोन दिवस बाटली कुठे होती?”

“सुट्टी होती, म्हणून फ्रीजमध्ये ठेवली.”

“कुणाच्या फ्रीजमध्ये?” वकीलसाहेबांनी आवाज चढवला.

म्हाताऱ्या तपासनिसाने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, “आठवत नाही.”

पुरावा बाद झाला, कारखाना सुटला. जिन्यात म्हाताऱ्याने त्यांना गाठलं. “भर कोर्टात तुमचं नाव घ्यायला जीभच रेटली नाही, साहेब. वहिनींनी दुधाचं पातेलं बाहेर काढून बाटलीला जागा करून दिली होती.”

 

“जिंकलात ना? बसा, गार पाणी देते,” म्हणत बायकोने फ्रीज उघडला.