एकविसावा आठवडा

कशेळ्याच्या नाक्यावर मोरूने जीपमध्ये अकरावं माणूस कोंबलं, आणि त्या माणसाचं कोंबड्यांचं डालगं थेट जयाच्या पोटाला येऊन टेकलं.

"जपून गं बाय, पोटुशी हाय ती," तिची सासू सोनाबाई म्हणाली.

"मंग मी काय धोंडा ठिवलाय तिच्यावर?" डालगेवाली कोंडी हसून म्हणाली. पण सरकायला जागाच नव्हती. बाजाराचा दिवस. कुणाचा गुडघा कुणाच्या फासळीत, कुणाची पिशवी कुणाच्या पायावर. डालग्यावर लुगड्याचं फडकं बांधलेलं होतं आणि त्याच्या विणीत दोनचार पांढरी पिसं अडकली होती.

आज जयाचा एकविसावा आठवडा संपत होता. बाळाची पहिली हालचाल आईला सोळा ते वीस आठवड्यांत कळते, असं तिच्या गरोदरपणाच्या पुस्तकात छापलं होतं. त्या ओळीखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती, आणि गेले आठ दिवस ते पान उघडायचं टाळलं होतं. बी.एस्सी.ला तिचा विषय प्राणिशास्त्र. अंड्यातल्या पिल्लाचं काळीज दुसऱ्याच दिवशी कसं लुकलुकायला लागतं, हे तिने भिंगाखाली स्वतः पाहिलं होतं. त्याची आकृती काढून दहापैकी नऊ गुणही मिळवले होते. स्वतःच्या पोटातलं मात्र तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पोट वाढत होतं, पण गप्प होतं. म्हणून आज कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं होतं. त्या पोटावर नळी लावून ठोके ऐकणार होत्या. ऐकू आले तर.

एरवी सोनाबाई जयाच्या नवऱ्याचं उठताबसता सांगायची, "आमचा वाल्मिक पाचव्यात असा दंगा करायचा, भाताच्या आवणीला मला वाकू देत नवता." आज सकाळपासून तिने ते एकदाही सांगितलं नव्हतं. जयाला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

जीप खड्ड्यातून गेली. सगळे एकदम उडाले आणि पुन्हा एकमेकांवर बसले. जयाला बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, काहीतरी फडफडलेलं जाणवलं.

तिने डालगं हाताने मागे लोटलं. जरा वेळाने पुन्हा तसंच. इवलंसं, आणि लगेच थांबलेलं.

"मावशी, डालगं जरा वर घेता का?" ती म्हणाली. "तुमची कोंबडी पंख मारतेय. मला लागतंय."

"कंची कोंबडी?"

"ह्यातली."

कोंडीने आधी जयाकडे पाहिलं, मग सोनाबाईकडे. तिने फडक्याची गाठ सोडली. आत मिठाची पुडी होती आणि कागदात बांधलेली सुकट. वास जीपभर झाला.

"तीन नेल्या व्हत्या, तिनी इकल्या," कोंडी म्हणाली. "सुकट काय लाथ मारती गं, पोरी?"

पलीकडच्या बायका खुदकन हसल्या. जया हसली नाही. तिचा हात आपसूक पोटावर गेला होता. पोटात वारा धरला असेल, तिने स्वतःला बजावलं. खड्ड्याचा हिसका असेल. एवढ्यावरून काही धरून चालता येत नाही.

"मोरू, गाडी थांबव," सोनाबाई म्हणाली.

"हितं? हितं कोन उतरतंय, काकी?"

"कोन नाय उतरत. तू थांबव."

मोरूने जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं. एकाएकी इतकं शांत झालं की शेतातल्या पाखरांचा आवाज आत आला. समोर बसलेल्या आबाजींनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "बाई, माझी सव्वाअकराची गाडी चुकंल."

"चुकू दे की," कोंडी म्हणाली. "तुमची दुसरी येल. हिचं पयलं हाय."

मग तिने डालगं दोन्ही हातांनी उचललं आणि छताला टेकवून धरलं, म्हणजे शंकेला जागा नको. सोनाबाईने जयाच्या पाठीमागून हात घातला, पण पोटाला लावला नाही. तो तसाच अधांतरी ठेवला. मोरू मान वळवून मागे बघत होता, आणि बघणं बरं दिसत नाही हे ध्यानात आल्यावर पुढच्या काचेतून बघायला लागला. अकरा माणसं श्वास आवरून बसली होती. कोंडीचे हात भरून आले, तरी तिने ते खाली घेतले नाहीत.

जयाने डोळे मिटले. पुस्तक नाही, रेघ नाही. मोजणंही तिने सोडून दिलं.

आतून कुणीतरी टिचकी मारली.

गाडी उभी होती. डालगं छताला होतं. जयाने डोळे उघडले. तिने सासूचा अधांतरी हात धरला आणि आपल्या पोटावर, डाव्या अंगाला, घट्ट दाबून ठेवला. सोनाबाईला एवढ्यात बाहेरून काही कळणार नव्हतं. तरी ती म्हणाली, "हाय. हाय गं बाय," आणि पदराने नाक पुसलं.

मोरूने चावी फिरवली. जीप निघाली ती इतकी हळू, की मागून आलेला एक दूधवाला सायकलवरून किटल्या वाजवत तिच्या पुढे निघून गेला. आबाजींनी त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि घड्याळावर बाही ओढून घेतली.