बाहुल्यांचे फोटो

बाहुल्यांच्या धडांना भलतेच हातपाय जोडून, त्यांना कधी झाडाला टांगून, कधी पिंजऱ्यात बसवून तो वेड्याविद्र्या स्वप्नासारखे फोटो काढायचा. त्यात त्याचं मोठं नाव झालं. बाहुल्या मात्र सगळ्या लेकीच्या खेळण्यातल्या.

सहा वर्षांची ती लेक तापाने तीन दिवसांत गेली. बायको म्हणाली, "भिंतीवर लावायला तिचा एक तरी फोटो शोध रे." त्याने दोन दिवस कपाटं धुंडाळली, खोकी उपसली. हजारो फोटोंत नुसत्या बाहुल्याच निघाल्या. शेवटी एका फोटोत, बाहुलीला मागून सावरून धरलेली चार इवलीशी बोटं दिसली.

 

फोटोच्या मागे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "वाया गेला. मध्ये हात आला."